होल टोन स्केल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

होल टोन स्केल ही सहा स्वरांची मालिका असून तिच्यातल्या कोणत्याही दोन लगतच्या स्वरांमध्ये सारखेच, म्हणजे दोन अर्धस्वरांचे, अंतर असते. पेटीवर पांढरी एक हा षड्ज धरला, तर पांढरी एक, दोन, तीन आणि पुढे काळी तीन, चार, पाच एवढ्याच पट्ट्या लागतात. हिंदुस्थानी परिभाषेत हे स्वर म्हणजे सा, शुद्ध रे, शुद्ध ग, तीव्र म, कोमल ध आणि कोमल नी.

मेजर स्केलमधला एक स्वर गाळला की ही मालिका मिळते, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. मेजर स्केलशी हिचे सा, रे, ग एवढे तीनच स्वर जुळतात. मेजर स्केलमध्ये ग-म आणि नी-सा ही दोन अंतरे अर्धस्वराची असतात आणि शुद्ध नी षड्जाकडे ओढला जातो तो त्या जवळिकीमुळेच. होल टोन स्केलमध्ये अशी ओढ कुठेच नाही. षड्जाचा खरा आधार म्हणजे पंचम; तोही नाही आणि शुद्ध मध्यमही नाही.

पट्ट्या बारा, म्हणून अशा मालिकाही बारा, हा त्याहून मोठा गैरसमज. भूपाचा गंधार षड्ज मानला की मालकंस दिसू लागतो. मूर्च्छनेची ही गंमत अंतरे असमान असतात म्हणूनच घडते. होल टोन स्केलमध्ये कोणताही स्वर षड्ज माना, हाती तीच मालिका येते. त्यामुळे पेटीवर अशा मालिका दोनच निघतात : वर सांगितलेली एक, आणि काळी एक, काळी दोन, पांढरी चार, पाच, सहा, सात ही दुसरी. ऑलिव्हिए मेसियाँ या फ्रेंच संगीतकाराने 1944च्या आपल्या ग्रंथात मर्यादित स्थलांतराच्या मालिकांमध्ये हिला पहिला क्रमांक दिला, तो याच गुणामुळे.

ही मालिका क्लोद देब्युसीने शोधली, हे विधान वारंवार केले जाते. पण 1842च्या ‘रुस्लान आणि ल्युदमिला’ या ऑपेरात मिखाईल ग्लिंकाने चेर्नोमोर या दुष्ट जादूगारासाठी ती वापरली होती. त्याआधी 1787मध्ये मोझार्टने ‘संगीतातला विनोद’ या रचनेत अडाणी संगीतकाराची थट्टा करताना व्हायोलिन याच मालिकेने वर चढवले. हिचा रंग केवळ स्वप्नाळू असतो हा समजही या दोन उदाहरणांपुढे टिकत नाही. देब्युसीने ती 1889च्या पॅरिस प्रदर्शनातल्या जावाच्या गॅमेलानवरून उचलली, हेही पटण्याजोगे नाही. गॅमेलानच्या स्लेंद्रो मालिकेत स्वर पाच असतात, त्यामुळे त्यांच्यातली अंतरे पूर्ण स्वराहून मोठी पडतात.

देब्युसीचे श्रेय वेगळे आहे. 1909च्या ‘व्वाल’ या पियानो-रचनेत त्याने जवळजवळ सगळा डोलारा या सहा स्वरांवर उभारला. मध्ये सहाच मात्राखंड काळ्या पट्ट्यांवरचे पाच स्वर येतात आणि बंद खोलीची खिडकी उघडावी तसे वाटते. शिवाय मंद्रातला काळी पाचचा स्वर तो बराच काळ धरून ठेवतो. ज्या मालिकेला स्वतःचे घर नाही, तिला घर बाहेरून द्यावे लागते, हे त्याने अचूक ओळखले होते.

म्हणूनच भारतीय संगीतात हिला जागा नाही, हा समजही खोटा ठरतो. कर्नाटक पद्धतीत गोप्रिया हा राग नेमक्या याच सहा स्वरांचा आहे. 62वा मेळ ऋषभप्रिया, त्यातला पंचम वगळला की गोप्रिया. तंबोऱ्याचा षड्ज अखंड वाजत असल्याने इथे सहाही स्वर सारखे राहत नाहीत; प्रत्येकाचे षड्जाशी स्वतःचे नाते जडते.

पेटीवर सहा समान पावलांत तार षड्ज नेमका सापडतो, म्हणून हे निसर्गाचेच गणित आहे असे मात्र मानू नये. सप्तकाचे 1200 सेंट धरले, तर 9:8 या शुद्ध प्रमाणाची सहा पावले तार षड्ज ओलांडून सुमारे 23 सेंट पुढे जातात. उलट 5:4 या शुद्ध गंधाराच्या तीन उड्या घेतल्या, तर तो सुमारे 41 सेंट अलीकडेच राहतो. पेटीची किंवा पियानोची पट्टी ही दोन्ही अंतरे आधीच जुळवून घेते. गाणाऱ्याला ती तडजोड गळ्यातच करावी लागते.