जॅक वॉरल आणि १९०९ चं बंड

फलंदाजाच्या अंगावर चेंडू टाकणाऱ्या बॉडीलाइन गोलंदाजीविषयी हाती लागेल ते वाचत असताना जॅक वॉरल हे नाव मला पुन्हा पुन्हा भेटत राहिलं. मेलबर्नच्या ‘द ऑस्ट्रेलेशियन’ साप्ताहिकाचा हा वयोवृद्ध क्रिकेट-समीक्षक. ‘बॉडीलाइन’ हा शब्द रूढ करण्याचं श्रेय काही जण त्यालाच देतात. मला मात्र त्याचं खरं कर्तृत्व दिसतं ते ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये, लंबगोल चेंडूच्या त्या व्हिक्टोरियन खेळात.

वॉरलचा जन्म व्हिक्टोरियातल्या सोन्याच्या खाणींच्या मुलखातला. १८८४ पासून तो फिट्झरॉयकडून रोव्हर म्हणून, म्हणजे चेंडूच्या मागे मैदानभर धावणारा चपळ गडी म्हणून, खेळला आणि पुढे कर्णधार झाला. क्रिकेटमध्ये ११ कसोटी सामने त्याच्या नावावर आहेत. १८९६ मध्ये कार्लटन क्रिकेट क्लबसाठी त्याने नाबाद ४१७ धावा काढल्या. पण मला सर्वांत बोलकी वाटते ती त्याची पहिली कसोटी, जानेवारी १८८५ ची. गेटच्या उत्पन्नातला वाटा मिळावा म्हणून आधीचे खेळाडू अडून बसले, आणि अकराच्या अकरा जागी नवे गडी उतरवावे लागले. वॉरल त्यांतला एक. मोबदल्यासाठी खेळाडू अडले म्हणून ज्याला दार उघडलं, त्याच्याच दाराशी चोवीस वर्षांनी खेळाडू उभे ठाकणार होते.

१९०२ मध्ये कार्लटन फुटबॉल क्लबने त्याला सचिव नेमलं. संघ तळाशी रेंगाळत होता. तोवर डावपेच ठरवणं हे कर्णधाराचं काम. वॉरलने खेळाडू हेरणं, सराव घेणं, कोणाला कुठे उभं करायचं हे सगळं स्वतःकडे घेतलं. म्हणूनच व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा पहिला प्रशिक्षक असा मान बहुतेक इतिहासकार त्याला देतात. दारू आणि फुटबॉल एकत्र नांदत नाहीत, हे तो पोरांना बजावून सांगे. १९०४ मध्ये संघ अंतिम सामन्यात पोचला आणि १९०६, १९०७, १९०८ अशी सलग तीन अजिंक्यपदं कार्लटनने मिळवली. लीगमध्ये अशी हॅटट्रिक करणारा हा पहिलाच क्लब. १९०८ मध्ये तर त्यांनी अख्ख्या मोसमात एकच सामना गमावला.

आणि पुढच्याच वर्षी खेळाडूंनी वॉरलविरुद्ध बंड केलं. कडक शिस्त, टोचून बोलणं आणि पैशांचा वाद, सगळं एकदम उफाळून आलं. लीग तेव्हा कागदोपत्री हौशी होती. खेळाडूंना पैसे देणं नियमबाह्य, म्हणून जे काही मिळे ते चोरून. सचिव मात्र पगारी. हजारो प्रेक्षक तिकीट काढून येतात आणि घाम गाळणाऱ्याला हक्काने काही मागता येत नाही, यात खेळाडूंची तक्रार मला रास्तच वाटते. वॉरलला ती कळली नसावी. स्पष्टवक्तेपणाची त्याने आधीही किंमत मोजली होती. व्हिक्टोरियाच्या क्रिकेट संघातला, म्हणजे आपल्याच संघातला, जॅक सॉन्डर्स नियमबाह्य रीतीने चेंडू फेकतो असं त्याने पत्रात लिहिलं आणि आंतरराज्य क्रिकेटमधून वॉरलच बाहेर पडला. १९०९ च्या ऐन मोसमात त्याने प्रशिक्षकपद सोडलं. कर्णधार फ्रेड एलियटने संघ सांभाळला आणि अंतिम सामना साउथ मेलबर्नविरुद्ध अवघ्या दोन गुणांनी गेला. पुढे क्लबच्या समितीवर वॉरलच्या विरोधकांचा गट निवडून आला, तेव्हा त्याचं सचिवपदही सुटलं.

कार्लटनने घालवलेला हा माणूस एसेंडन क्लबने उचलला. १९११ आणि १९१२, लागोपाठ दोन अजिंक्यपदं! आधीचं यश निव्वळ कार्लटनच्या गुणी पोरांचं होतं, असं म्हणणाऱ्यांना याहून सडेतोड उत्तर कोणतं? त्याच १९११ साली लीगने खेळाडूंना उघडपणे पैसे देण्याची मुभा दिली. दोन वर्षं आधी हा नियम आला असता तर कार्लटनमधला तंटा इतका चिघळला नसता, असं मला वाटतं.

महायुद्धामुळे १९१६ आणि १९१७ मध्ये एसेंडन मैदानात उतरला नाही. नंतर वॉरल परतला, १९२० पर्यंत राहिला आणि मग १९३७ मध्ये मृत्यू येईतो लिहीत राहिला. कार्लटनला पुढची अजिंक्यपदं १९१४ आणि १९१५ मध्ये मिळाली. तेव्हा त्यांचा प्रशिक्षक होता नॉर्मन क्लार्क, वॉरलच्याच हाताखाली खेळलेला.