शस्त्रक्रिया की औषध?



आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा लवकर सुटली; पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तरीही या विषयावर बोलण्याचे कारण असे की, एका लूम-कामगाराची पत्नी डॉक्टरांचे कागद घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, "अण्णा, ह्यांच्या काळजाची नस तुंबलीय म्हणतात. ऑपरेशनासाठी घर गहाण टाकू, की गोळ्यांवर भागेल?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. असले उत्तर शोधतात कसे, ते आम्ही वाचू लागलो.

'ऑपरेशन झालेले किती जगले, गोळ्या घेणारे किती, ते मोजा' असे म्हणणे सोपे आहे. पण मालक दोन खात्यांच्या उत्पादनाची तुलना करतो, तेव्हा आम्ही आधी काय विचारतो? यंत्रे सारखी होती काय? सूत एकाच प्रतीचे होते काय? येथेही तोच न्याय. ऑपरेशनासाठी अनेकदा त्यातल्या त्यात धडधाकट रोगी निवडले जातात. वृद्ध, अशक्त रोगी औषधांकडे राहतात. मग आकडा चांगला दिसला, तर श्रेय सुरीचे की मूळच्या प्रकृतीचे? म्हणून रोग्यांची संमती घेऊन, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची वाटणी करतात. त्यामुळे दोन्ही गट आरंभी जवळजवळ सारखे होतात.

नुसते 'बरे वाटते' हाही पुरेसा पुरावा नव्हे. हृदयशूलावर एके काळी छातीतील एक धमनी बांधून टाकीत. १९५९ साली अमेरिकेत १७ रोग्यांवर या शस्त्रक्रियेची परीक्षा झाली. काहींची धमनी बांधली. बाकीच्यांच्या कातडीला फक्त छेद देऊन टाके घातले. आराम दोघांनाही सारखाच वाटला! ती शस्त्रक्रिया पुढे मागे पडली.

अलीकडची मोठी परीक्षा 'इस्केमिया' नावाची. तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. भारतासह ३७ देशांतील ५,१७९ रोगी तीत होते. औषधे दोन्ही गटांना होती. पहिल्या गटाला त्यांच्या जोडीला अँजिओग्राफी आणि शक्य तेथे अँजिओप्लास्टी किंवा बायपास. सुमारे सव्वातीन वर्षांत पहिल्या गटात १४५ मृत्यू झाले, दुसऱ्यात १४४. मात्र ज्यांच्या छातीत वारंवार दुखे, त्यांना पहिल्या मार्गाने अधिक आराम मिळाला. आणि औषधगटातील सुमारे एकपंचमांश रोग्यांवर पुढे हेच उपाय करावे लागले.

यावरून 'ऑपरेशन म्हणजे लूट' अशी घोषणा कोणी देऊ नये. नुकताच झटका आलेले, हृदय फार दुबळे झालेले, किंवा डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले रोगी या परीक्षेत घेतलेलेच नव्हते. मुख्य धमनीच्या रोगात बायपासने आयुष्य वाढते, हे १९७० च्या दशकातच दिसून आले होते.

त्या बाईंना आम्ही तीन प्रश्न लिहून दिले. दुखणे स्थिर आहे काय? अडथळा मुख्य धमनीत आहे काय? ऑपरेशन आयुष्य वाढवण्यासाठी की वेदना कमी करण्यासाठी? डॉक्टरांनी तिन्हींची उत्तरे शांतपणे दिली. अडथळा मुख्य धमनीतच होता. ऑपरेशन झाले, घरही गहाण पडले. कर्ज अजून फिटते आहे. पण ते कशासाठी काढले, हे त्या घराला ठाऊक आहे.