आतड्याच्या दाहविकारात परिचर्येचे मोल

मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन व्रण पडणे आणि रक्तमिश्रित जुलाब होणे, ही ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ या विकाराची प्रमुख लक्षणे होत. ‘क्रोन’ विकारात अन्नमार्गाचा कोणताही भाग दाहग्रस्त होऊ शकतो. हे दोन्ही विकार दीर्घकालीन असून ते बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतात. औषधांनी ते आटोक्यात राहतात. परंतु योग्य उपचार योग्य वेळी होणे हे बऱ्याच अंशी परिचर्येवर अवलंबून असते.

नोंदींचे महत्त्व

इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथील ट्रूलव्ह व विट्स या डॉक्टरांनी १९५५ साली कोलायटिसवरील कॉर्टिसोनच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोगाची तीव्रता ठरविण्याचे त्यांचे निकष आजही प्रमाण मानले जातात. दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच, आणि त्याच्या जोडीला मिनिटाला ९० हून अधिक नाडीचे ठोके किंवा ३७.८ अंश सेल्सियसहून अधिक ताप, ही त्यांतील काही लक्षणे. या सर्वांची नोंद परिचारिकाच ठेवीत असते.

ऑक्सफर्ड येथेच १९९६ साली आणखी एक महत्त्वाची गोष्ट निदर्शनास आली. तीव्र अवस्थेत उपचार सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशीही आठांहून अधिक वेळा शौच होत असल्यास, सुमारे ८५ टक्के रुग्णांना त्याच मुक्कामात आतडे काढण्याची शस्त्रक्रिया करावी लागण्याचा संभव असतो. अशा वेळी विलंब झाल्यास जीवितास धोका पोहोचतो. संकोचामुळे रुग्ण खरी संख्या सांगत नाही; रात्रीची शौचे मोजणीतून सुटतात. म्हणून अहोरात्र ठेवलेला अचूक तक्ता हाच डॉक्टरांच्या निर्णयाचा आधार ठरतो. स्टिरॉइडमुळे आतडे फुटल्याची लक्षणे झाकली जातात. त्यामुळे पोट फुगणे किंवा नाडी एकाएकी जलद होणे याकडेही परिचारिकेस दक्षतेने पाहावे लागते.

घरी परतल्यानंतर

बरे वाटू लागताच अनेक रुग्ण औषधे सोडतात आणि रोग पुन्हा उसळतो. स्टिरॉइड एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. ‘ॲझाथायोप्रिन’ घेणाऱ्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटू शकतात. म्हणून नियमित रक्ततपासणी आवश्यक असते. ‘इन्फ्लिक्सिमॅब’ देण्यापूर्वी सुप्त क्षयरोगाची तपासणी करावी लागते. क्षयाचा प्रादुर्भाव मोठा असलेल्या आपल्या देशात तिचे महत्त्व विशेष आहे. या गोष्टी रुग्णास समजावून सांगणे व त्यांचा पाठपुरावा करणे, हे परिचारिकेचे कार्य होय.

ब्रिटनमध्ये या विकारासाठी विशेष प्रशिक्षित परिचारिका दूरध्वनीवरून सल्ला देतात. त्यामुळे रोग उसळताच रुग्णाला विनाविलंब मार्गदर्शन मिळू शकते. युरोपीय क्रोन व कोलायटिस संघटनेने २०१३ साली अशा परिचर्येविषयी मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली.

रुग्णांनीही संकोच न बाळगता शौचाची संख्या, रक्त, ताप व वजन यांची नोंद ठेवावी आणि ती परिचारिकेस दाखवावी. वेळीच सांगितलेले एक लक्षण पुष्कळदा मोठे संकट टाळू शकते.