थंडी खालून येते

पनवेलची थंडी ती काय, असं म्हणत आम्ही चौघं मित्र डिसेंबरातल्या एका शनिवारी ठाकूरवाडीतून प्रबळमाचीवर चढलो. प्रत्येकाकडे एक नायलॉनचा हॅमॉक, म्हणजे मोठ्या माणसाची झोळीच, आणि एक स्लीपिंग बॅग. रात्री दोनला चौघंही टक्क जागे. पोट, छाती, पाय उबदार; पाठ मात्र ओल्या फरशीवर टेकल्यासारखी गार.

स्लीपिंग बॅग स्वतः ऊब तयार करत नाही. तिच्यातल्या फुगीर भरावात हवा अडकून राहते आणि ती अंगाची ऊब धरून ठेवते. झोळीत आपल्या वजनाने खालचा भराव चेपतो, हवा निघून जाते आणि पाठ व वारा यांच्यामध्ये नुसतं कापड उरतं. जमीन गार असली तरी तिच्यातून वारा वाहत नाही. झोळीखालून तो रात्रभर वाहतो.

म्हणून जाणकार रजई झोळीच्या आत नाही, बाहेरून खाली टांगतात. तिच्यावर वजन पडत नाही, ती फुगलेलीच राहते. तशी खास रजई महाग पडते. आजीची गोधडी हेच काम करते: चारही कोपऱ्यांना नाड्या शिवायच्या आणि झोळीच्या दोन्ही टोकांना बांधायच्या. गोधडी कापडाला जेमतेम टेकली पाहिजे. सैल लोंबली तर मधून वारा शिरतो, फार ताणली तर चेपते. पण गोधडी पाठीवर घेऊन माची चढणं जिवावर येतं. आम्ही आता फोमची कॅरीमॅट नेतो, कारण तो फोम फारसा चेपत नाही. मॅट झोळीत नुसती अंथरली तर कूस बदलताच निसटते. ती स्लीपिंग बॅगच्या आत सरकवायची.

झोळी झाडांना बांधताना पट्टा तारेसारखा ताणायचा मोह सगळ्यांनाच होतो. पट्ट्याला आडव्या रेषेपासून ३० अंशांचा उतार हवा, म्हणजे चार फूट पट्ट्यामागे दोन फूट. या उताराला ७० किलोच्या माणसाचा प्रत्येक पट्ट्यावर ७० किलोइतकाच ताण येतो. उतार १० अंशांवर आणलात तर तोच २०० किलोपर्यंत जातो. झोळी जमिनीपासून खुर्चीच्या उंचीवर असावी. झोपायचं तिरकं, कोपऱ्याकडे पाय करून. पाठ बरीच सपाट राहते. सरळ झोपलात तर सकाळी केळ्यासारखे उठाल.

राहिलं दव. उघड्या आकाशाखाली कापड रात्री आसपासच्या हवेपेक्षाही गार होतं आणि हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन बसते. वर ताडपत्री ताणली की ते बरंचसं टळतं. पट्ट्यालाही एक सुतळी लोंबती बांधा, म्हणजे त्यावरून ओघळणारं पाणी झोळीत न येता तिथेच गळून जातं. ओढ्याच्या घळीत मुक्काम नको, गार हवा तिथेच उतरून साचते. वर वाळकी फांदी किंवा तांबड्या मुंग्यांची पानांची घरटी दिसली तर दुसरं झाड बघा.

कर्नाळा पनवेलहून जवळ, पण ते पक्षी अभयारण्य आहे. रात्रीच्या झोळीची ती जागा नव्हे. माचीवरही झाड गावकऱ्यांना विचारूनच निवडा, दोरीऐवजी दोन इंची पट्टा वापरा, आणि सकाळी सोडताना सालीवर वळ उठला नाही ना, तेवढं बघा.