जातं फिरलं की देव आठवतात

ओवी लिहून घ्यायची तर लग्नघर गाठावं. हिमायतनगरच्या आसपास आता पीठ गिरणीवर होतं, तिखट-मसाला कांडपावर होतो. पण नवरीची हळद दळायला बरीच घरं अजून जातं काढतात. एरवी ते गोठ्याच्या कडेला नाहीतर परसात पडून असतं. त्या दिवशी धुऊन-पुसून आत येतं, त्याला हळदीकुंकू लागतं, खुंट्याला आंब्याची पानं आणि सुपारी सुताच्या धाग्यानं बांधतात. हळकुंडं आधी फोडून ठेवलेली असतात. पाच सवाष्णी आळीपाळीनं खुंट्याला हात लावतात. जातं बरेच दिवस टाकवलेलं नसलं की पहिली मूठ भरडच पडते. मग ती सुपात घेऊन पुन्हा वरून घालायची.

मी ज्या घरी बसले होते तिथं सगळ्यांत जास्त ओव्या येणाऱ्या आजी भिंतीला टेकून, पाय लांब करून बसल्या होत्या. खुंट्यापाशी त्यांना कुणी बोलावलं नाही आणि त्याही उठल्या नाहीत. त्या विधवा आहेत. समोरच्या सुना दोन ओव्या म्हणून अडल्या की आजी भिंतीकडून पुढची ओळ सांगायच्या. सुना ती उचलायच्या, जातं पुन्हा फिरायचं. पहिल्या ओव्या गणपतीच्या, मग गावच्या परमेश्वराच्या, मग माहूरच्या रेणुकेच्या. नवरीच्या लग्नाला देवांना आवतण देण्याचं सगळं काम आजींच्या तोंडून झालं, आणि हळदीला मात्र त्यांचं बोट लागलं नाही. बाई आणि धर्म यांच्याविषयी लिहिणाऱ्यानं त्या खोलीत तासभर बसावं, असं मला मनापासून वाटतं. जिला नियम बाहेर बसवतो तिच्याच जिभेवर अख्खं दैवत असतं, हे तिथं दिसतं.

दुपारी पंगत उठल्यावर त्याच जात्यावर आजींनी हरभऱ्याची डाळ घेतली. डाळीला कुणाची हरकत नव्हती. मी आधी त्यांना नुसतंच म्हणून दाखवायला सांगितलं होतं, तर म्हणाल्या, “हातात खुंटा नसला की याद न्हाई येत, बाई. जातं फिरलं की देव आठवतात.” हे कवित्व नाही, अनुभवाची गोष्ट आहे. ओवीची लांबी हाताच्या फेऱ्यावर बेतलेली असते. घास घालायला उजवा हात सुटला की आवाज क्षणभर खाली येतो, फेरा धरला की वर चढतो.

ध्वनिमुद्रणाला हीच घरघर आडवी येते. फोन जमिनीवर ठेवला तर दगडाचा थरकाप आत शिरतो आणि शब्द बुडतात. म्हणून मी तो घडी घातलेल्या गोधडीवर, गाणारीच्या खांद्यामागे ठेवते. जातं बंद करून गा, असं मात्र सांगत नाही. रात्री घरी ऐकताना वहीची दोन पानं समोरासमोर घेते. डाव्या पानावर जसं कानावर पडलं तसं: अर्धी ओळ दोनदा, मधले ‘गं माय’, ‘बाई’, श्वासाला थांबलेली जागा. उजव्या पानावर ओवीच्या सरळ दोन ओळी. छापताना लोक बहुतेक उजवं पान घेतात. मला डावं जास्त मोलाचं वाटतं, कारण बाई कुठल्या शब्दावर रेंगाळली ते तिथंच कळतं.

या कामाची सगळ्यांत मोठी वहिवाट आपल्याकडे पुण्याच्या पश्चिमेला, मावळ-मुळशीच्या डोंगरात पडली. गी पॉइटवाँ हे फ्रान्समध्ये धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकलेले गृहस्थ 1972 साली भारतात आले आणि पुढं इथलेच नागरिक झाले. हेमा राईरकर यांच्यासोबत त्यांनी डोंगरातल्या गरिबांमध्ये काम केलं; ‘गरीब डोंगरी संघटना’ त्यातूनच उभी राहिली. सभेला आलेल्या बायका बोलताना अडखळत, पण ओवीत सासर, नवरा, देव, दुष्काळ सगळं धडधडीत सांगत. त्या ओव्या जमवता जमवता संग्रह एक लाखाच्या वर गेला. संगीताचा अभ्यास करणारे बर्नार्ड बेल यांनी पुढं ध्वनिमुद्रण आणि संगणकावरची मांडणी हाती घेतली. पॉइटवाँ 2004 मध्ये गेले, हेमाताई 2010 मध्ये. 2017 पासून तो ठेवा ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर गाणाऱ्यांच्या नावागावासकट ऐकायला मिळतो. त्यात मराठवाडाही आहे: माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या ऐकल्यावर जात्यावर फक्त राम-सीताच असतात हा समज टिकत नाही.

आकड्यापेक्षा मला त्यांची रीत मोठी वाटते. ओव्या गोळा करायला डोंगरातल्याच बायका जात. आणि ओवी घेऊन त्या निघून येत नसत. बसून विचारत, हिचा अर्थ काय, तू कधी म्हणतेस, तुला कुणी शिकवली. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या मायेनं जमवल्या आणि नात्यांच्या क्रमानं लावल्या, ते ऋण फेडता येणारं नाही. पण गाणारणीला अर्थ विचारणं ही पुढची पायरी आहे. धर्मशास्त्र शिकलेल्या माणसानं पोथी मिटून जात्यापाशी बसावं आणि तिथल्या बाईला भाष्यकार मानावं, ही मला फार मोठी घटना वाटते. त्यांच्या वर्गीकरणात अगदी आरंभीचा कप्पा सीतेच्या वनवासाचा आहे. तारा भवाळकरांचं ‘सीतायन’ ज्यांनी वाचलंय त्यांना त्याचं नवल वाटणार नाही. गावोगावच्या बायकांनी सीतेचं गाऱ्हाणं रामापेक्षा जास्त मनावर घेतलेलं आहे.

आमच्या बाजूला त्या जागी रेणुका येते. हिमायतनगरहून रेल्वे सहस्रकुंड, किनवटकडे निघाली की सागाचे डोंगर सुरू होतात आणि पुढं सडकेनं माहूर. तिथं तीन शिखरं: रेणुकेचं, अनसूयेचं आणि दत्ताचं. तिन्हीतली दोन बायकांची, तिसरं अनसूयेच्या लेकाचं. पायथ्याकडून पैनगंगा वळसा घालून जाते. अभ्यासक अ‍ॅन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्रातल्या नद्या आणि स्त्रीत्व यांवर 1995 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं आणि 2003 च्या पुस्तकात शिखर शिंगणापूरला खांद्यावरून पाणी चढवणाऱ्या कावडींचा माग काढला. डोंगर आणि नदी यांना जोडून पाहायची ती नजर घेऊन माहूरला गेलं की तिथली कथा वेगळीच उमगते. कारण तीही कावडीचीच आहे. जमदग्नींचा देह एका पारड्यात आणि रेणुका दुसऱ्यात, अशी कावड घेऊन परशुराम माहूरला आला. रेणुका सती गेली. आई पुन्हा दिसेल, पण मागं वळून बघू नकोस, असं त्याला सांगितलं होतं. त्यानं धीर सोडून पाहिलं, तोवर भूमीतून फक्त मुख वर आलं होतं. म्हणून गाभाऱ्यात देह नाही, शेंदूर चर्चिलेलं मोठं मुख आहे, आणि प्रसाद म्हणून कुटलेल्या विड्याचा तांबूल मिळतो.

पोथीत या कथेच्या आधीचा भागही आहे: रेणुकेचं चित्त विचलित झालं, जमदग्नी कोपले, त्यांच्या आज्ञेवरून लेकानं आईचं शीर उडवलं आणि मग वर मागून तिला पुन्हा जिवंत केलं. आजींनी डाळ दळताना रेणुकेच्या बऱ्याच ओव्या म्हटल्या. त्यांत तो भाग आलाच नाही. मी विचारलं, “आजी, शीर उडवल्याची ओवी नाही का?”

“काऊन म्हणावी? तिचं काय चुकलं व्हतं?” त्यांनी घास घातला. “मह्या मायनं न्हाई म्हटली, म्या बी न्हाई.”

जी ओवी गायली जात नाही तीही नोंदवावी लागते, हे मी पॉइटवाँ-राईरकरांच्या रीतीवरून शिकले. वहीत त्या ओव्यांखाली मी तसं लिहिलं: अमुक भाग म्हणत नाहीत, कारण असं सांगतात. शेजारी आजींचं नाव, गाव, माहेर. इथं ते छापत नाही. त्यांनी नाव वहीसाठी दिलं आहे, मासिकासाठी नाही.

एक गोष्ट मात्र मला सतत खुपते. हा मुलूख एकट्या मराठी ओवीचा नाही. याच डोंगरात गोंड आहेत, आंध आहेत, कोलाम आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत. तांड्यातली नवरी निघताना ढावलो म्हणते आणि ते रडणं म्हणजे एक अख्खं काव्य असतं. मला गोरमाटी तोडकीमोडकी कळते, गोंडी मुळीच नाही. ते काम तांड्यातल्या, पाड्यातल्या शिकलेल्या मुलींनीच केलं पाहिजे. फोन प्रत्येकीच्या हातात आहे. त्यांना कुणीतरी डाव्या आणि उजव्या पानाची रीत दाखवायला हवी, आणि हे आजच्या आज करायला हवं. जात्यावर सकाळ काढलेल्या बायका आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

लिहिलेलं परत नेऊन वाचून दाखवणं हा या कामाचा शेवटचा टप्पा. आजींच्या घरी गेले तेव्हा त्यांची थोरली सून आणि उमरखेडकडची एक पाहुणी बाई बसली होती. मी वाचत गेले, आजींनी दोन शब्द दुरुस्त केले, एके ठिकाणी मी ‘गड’ लिहिलं होतं, त्या म्हणाल्या, “गड न्हाई, माहेर.” रेणुकेच्या ओव्या आल्या तशी पाहुणी बाई म्हणाली, आमच्याकडं शीर उडवल्याची ओवी म्हणतात, आणि ती का गाळायची? लेकाच्या हातून काय झालं ते लेकांना कळू दे की. आजींना ते पटलं नाही. सून पाहुणीच्या बाजूनं बोलली. तिघींचा चांगला अर्धा तास वाद झाला, चहा दोनदा झाला. मी वहीत आजींच्या कारणाखाली पाहुणीचं कारण लिहिलं, तिचं नाव आणि गाव विचारून घेतलं, आणि ती ओवी जात्यावर म्हणून घ्यायला तिच्याकडच्या पुढच्या हळदीचं आवतणही.