बँकेत आले ते विक्री नव्हे

अ‍ॅमेझॉनने २०१३ मध्ये भारतात दुकान मांडलं, तेव्हा मालाडचा इमिटेशन दागिनेवाला किंवा मुलुंडमधून घरबसल्या कुर्ते विकणारी बाई व्हॅटच्या राज्यात होती. ऑर्डरी पोर्टलवर, हिशेब टॅलीत आणि दोघांच्या मध्ये संध्याकाळी येऊन एकेक बिल टाइप करणारा पार्ट टाइम अकाउंटंट. पुढच्या दशकात हे टाइपिंग जवळजवळ संपलं. आधी एक्सेलची एक्सएमएल करून ती टॅलीत चढवायची, मग विकतची जोड-सॉफ्टवेअरं आली आणि आता टॅलीप्राइम थेट एक्सेलही घेतं. कष्ट वाचले हे खरंच. पण चुका कमी झाल्या असं मला वाटत नाही. पूर्वी एका बिलात आकडा चुकायचा. आता एक रकाना चुकीच्या लेजरला जोडला की महिन्याची सगळी बिलं एकाच तऱ्हेनं चुकतात, आणि बेरीज जुळत असल्यामुळे कुणाला संशयही येत नाही.

याचं मूळ करांच्या रचनेत आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. १ ऑक्टोबर २०१८ पासून पोर्टल टीसीएस कापू लागलं आणि १ ऑक्टोबर २०२० पासून त्यात आयकराच्या टीडीएसची भर पडली. आज हे दर अनुक्रमे ०.५ आणि ०.१ टक्के आहेत. समजा, बोरिवलीहून १,००० रुपयांचा इमिटेशन हार गेला. ३ टक्के जीएसटी धरून बिल १,०३० चं. पोर्टलचं कमिशन १५०, कुरिअर ६०, या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी ३७.८०, टीसीएस ५, टीडीएस १. बँकेत पडतात ७७६.२०. सेटलमेंटची फाइल आयात करून हाच आकडा विक्री म्हणून चढवला, तर विक्री कमी दिसते, कमिशनवरचं इनपुट क्रेडिट बुडतं आणि कापलेल्या सहा रुपयांवर दावा करायचं राहून जातं. एका हारात ते सहाच रुपये, पण दिवाळीच्या महिन्यात मोजून बघा. शिवाय हार सुरतेला गेला तर आयजीएसटी, घाटकोपरला गेला तर सीजीएसटी-एसजीएसटी. परत आला तर क्रेडिट नोट, तीही बहुधा पुढच्या महिन्यात.

यावर कुणी म्हणेल, छोट्या धंद्याला एवढा जाच कशाला? किरकोळ ग्राहकांची विक्री राज्यवार, दरवार एकत्र दाखवता येतेच. मान्य, आणि महिन्याला वीस-पंचवीस ऑर्डरी असतील तर आयातीच्या भानगडीत पडूच नये. पण एकत्र नोंद करायची तर विक्रीच्या अहवालावरून करावी, बँकेच्या जमेवरून नव्हे. दुसरा आक्षेप असा की चांगलं सॉफ्टवेअर हे सगळं आपोआप करतं. करतं, पण कोणता रकाना कोणत्या लेजरला लावायचा हे पहिल्या दिवशी माणूसच ठरवतो, आणि पोर्टलने फाइलचा साचा बदलला की पुन्हा तोच प्रश्न. आणि हे काम नेमकं त्या नव्या पोराच्या माथी मारलं जातं, ज्याला कमिशनचं बिल कधी दाखवलेलंच नसतं.

म्हणून आयातीचं बटण दाबण्याआधी विक्री, कमिशन, कुरिअर, टीसीएस, टीडीएस आणि पोर्टलकडून येणं अशी सहा लेजरं उघडा. महिनाअखेर शेवटच्या लेजरमध्ये जी बाकी उरेल, ती पोर्टलच्या थकीत रकमेशी जुळली पाहिजे. जुळत नसेल तर रिटर्न भरायची घाई करू नका.