सलाम न ठोकणारा गस्तवाला

वेगमर्यादा ठरवण्याचा 85 टक्क्यांचा नियम या आठवड्यात घेतो असे कबूल केले होते, पण तो पुढे ढकलतो आहे. एका वाचकाने विचारले आहे की समोरून येणारा ड्रायव्हर डिपर मारून ‘पुढे पोलीस उभे आहेत’ असे सुचवतो, तेव्हा तो कायद्याला मदत करतो की कायद्याच्या कामात अडथळा आणतो? प्रश्न दिसायला किरकोळ आहे, पण वेगमर्यादेची अंमलबजावणी नेमकी कशासाठी करायची, हा सगळा वाद त्यात दडलेला आहे. शिवाय या प्रश्नावर इंग्लंडच्या न्यायालयांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच डोके लढवले आहे, आणि तो प्रकार इतका मजेशीर आहे की त्याला एक आठवडा द्यायलाच हवा.

इंग्लंडमध्ये 1903 च्या मोटार कार कायद्याने ताशी 20 मैलांची, म्हणजे सुमारे 32 किलोमीटरची, मर्यादा घातली. त्याच कायद्यात एक शहाणी अट होती: केवळ एका साक्षीदाराच्या मतावरून कोणाला या मर्यादेच्या भंगासाठी दोषी ठरवता येणार नाही. (तिचे भावंड आपल्या 1988 च्या मोटार वाहन कायद्यात, कलम 183 मध्ये, आजही आहे, एकट्या साक्षीदाराच्या अंदाजाला यंत्राचा आधार लागतो.) म्हणून पोलिसांनी रस्त्याचा एक तुकडा मोजून घेतला, कुंपणाआड माणसे बसवली आणि स्टॉपवॉच हाती घेतले. मोटारवाले चिडले. 1905 मध्ये लंडनमध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली ती प्रामुख्याने या सापळ्यांची आगाऊ खबर देण्यासाठी. लंडन–ब्रायटन रस्त्यावर तिचे सायकलस्वार फिरू लागले. खटले होणारच होते. बॅस्टेबल विरुद्ध लिटल (1907) या निकालात खबर देणारा सुटला, कारण ज्यांना खबर दिली ते त्या क्षणी मर्यादा ओलांडत होते हे सिद्ध झाले नव्हते. बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स (1910) मध्ये मात्र असोसिएशनचा गस्तवाला दोषी ठरला. इथे गाड्या आधीच मर्यादेबाहेर धावत होत्या आणि त्याच्या इशाऱ्यामुळे पोलिसांच्या हाती येऊ घातलेला पुरावा निसटला होता. असोसिएशनने यावर काढलेली तोड खास वकिली होती. गस्तवाला सभासदाच्या गाडीवरचा बिल्ला पाहून एरवी सलाम करी. सभासदांना कळवण्यात आले की ज्या वेळी तो सलाम करणार नाही, त्या वेळी गाडी थांबवून कारण विचारावे. न केलेल्या सलामाबद्दल खटला कोण भरणार?

या निकालांचा अर्थ सरळ लावला तर विचित्र वाटतो: नियम पाळणाऱ्याला सावध केले तर चालेल, मोडणाऱ्याला सावध केले तर गुन्हा. म्हणजे इशारा ज्याला खरोखर उपयोगी, त्यालाच द्यायचा नाही. तरी हा तर्क टिकून आहे. 2005 मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने अशाच एका लॉरीचालकाच्या बाजूने निकाल दिला, कारण त्याने ज्यांना खूण केली ते वेगात होते किंवा मर्यादा ओलांडण्याच्या बेतात होते याचा पुरावा नव्हता. न्यायालयांनी पोलिसांच्या कामाची व्याख्या ‘पुरावा गोळा करणे’ अशी केली, आणि तिथेच माझा मतभेद आहे. कायद्याला हवा आहे तो वेग कमी होणे. दंडाची पावती हे त्याचे साधन. वळणाआधी शंभर गाड्या इशाऱ्यामुळे सावकाश गेल्या, तर त्या वळणापुरते पोलिसांचे काम झालेच. यावर आक्षेप उघड आहे: इशारा मिळालेला ड्रायव्हर दोनशे मीटर सभ्यपणे चालवतो आणि पोलीस मागे पडला की पुन्हा बुंगाट सुटतो. हे खरे आहे. पण यात दोष इशाऱ्याचा की एका ठिपक्यावर वेग मोजण्याच्या पद्धतीचा?

देशोदेशीची सरकारे या प्रश्नावर दोन्हीकडे झुकली आहेत. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने साध्या दिसणाऱ्या गाड्यांत कॅमेरे लपवले. कॅमेरा कुठेही असू शकतो म्हटल्यावर माणूस सगळीकडेच जपून चालवेल, हा त्यामागचा विचार. फ्रान्सने 2011 मध्ये कॅमेऱ्यांआधीचे सूचनाफलक काढायला घेतले. आरडाओरडा झाला, आणि शेवटी कॅमेऱ्याची नेमकी जागा सांगणारी उपकरणे बंद, पण काही किलोमीटर लांबीच्या ‘धोक्याच्या पट्ट्या’ची सूचना चालेल, अशी तडजोड निघाली. आपल्याकडे 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या 167अ या नियमाने उघड बाजू घेतली. ज्या पट्ट्यावर इलेक्ट्रॉनिक नजर आहे, त्याआधी ठळक फलक हवा, आणि गुन्ह्याची नोटीस 15 दिवसांच्या आत पाठवायला हवी. अपघात ठरावीक वळणांवर, ठरावीक उतारांवर होत असतील तर मला हेच बरोबर वाटते. पंधरवड्याने येणारे चलान त्या वळणावर कोणाचा जीव वाचवत नाही, फलक वाचवू शकतो. पण जिथे धोका गावागावांतून पसरलेला आहे, अशा साध्या राज्य रस्त्यांवर व्हिक्टोरियाचा विचार वरचढ ठरतो, हे मान्य करायला हवे. तिथे फलक लावायचे तरी किती?

खरी सुटका ठिपका सोडून अंतर मोजण्यात आहे, आणि गंमत अशी की कुंपणाआडचा इंग्रज पोलीस तेच करत होता. फक्त त्याचे अंतर तोकडे होते. एक फर्लांगाचा, म्हणजे सुमारे 200 मीटरचा, सापळा धरा. ताशी 20 मैलांनी तो साडेबावीस सेकंदांत संपतो. घड्याळ दाबताना एका सेकंदाची चूक झाली की वेग जवळजवळ एका मैलाने बदलतो. आता दोन कॅमेरे 10 किलोमीटरवर ठेवा. ताशी 100 च्या मर्यादेत हे अंतर कापायला 6 मिनिटे लागतात. जो 5 मिनिटांत पोहोचला त्याचा सरासरी वेग 120 होता, आणि इथे सेकंदाच्या चुकीने काही बिघडत नाही. अशा पट्ट्यात फलक, डिपर, मोबाइलवरचा नकाशा, कोणीही कितीही इशारे द्यावेत. इशारा पाळायचा तर सलग 10 किलोमीटर मर्यादेतच राहावे लागते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरच्या कॅमेरा यंत्रणेत सरासरी वेग मोजण्याची ही सोय आहे. तिच्यातली पळवाट चहाची. फूड मॉलवर 15 मिनिटे काढणारा पुढे 140 ने हाकूनही कागदावर सज्जन ठरतो. त्यावर उपाय एवढाच की कॅमेऱ्यांची जोडी अशी निवडायची, जिच्या मध्ये फूड मॉल, पेट्रोल पंप किंवा बाहेर पडायचा रस्ता येणार नाही, आणि जागेवरचा वेग मोजणे त्यासोबत चालू ठेवायचे. 85 टक्क्यांचे पुढच्या आठवड्यात.